चिंबोरीचं वळन

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय आशालताबाई. प्रमुख पाहुणा म्हणून आलेला, क्षमा करा, आलेले आपले माजी विद्यार्थी श्रीयुत प्रितेश. प्रयोगशाळेचे आधारस्तंभ आणि माझे जुने भांडणमित्र सॅन्टन मच्याडो सर. संस्थेचे पदाधिकारी, शिक्षकबंधू-भगिनी, पालक आणि विद्यार्थी. आणि ज्यांच्यासाठी आपण शनिवारची दुपारची झोप मोडून इथे जमलो आहोत, त्या आजच्या सत्कारमूर्ती सौ. बायजा धर्मा म्हात्रे, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

कुणीतरी माइक जरा खाली करा हो. आत्ताच सॅन्टन सर बोलून गेले, त्यांची उंची माझ्या नशिबात नाही. हां, आता ठीक.

नवे पालक बरेच दिसतायत, म्हणून सांगतो. मी श्रीरंग मेहेंदळे. तेहेतीस वर्षं इथे मराठी शिकवतोय. मुलं मला ‘मूर्धन्य मास्तर’ म्हणतात. ट, ठ, ड, ढ, ण ही जीभ टाळूकडे वळवून उच्चारायची अक्षरं म्हणजे मूर्धन्य, आणि त्यातल्या ‘ण’वर माझा विशेष जीव. हे नाव मला माहीत नाही असा मुलांचा गोड समज आहे. आठवी ब, मागच्या रांगेत खिदळू नका. निवृत्त बायजाताई होतायत, मी नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत, पाच मिनिटे’ असं छापलंय. बाई, मला पंधरा लागतील. आणि मी आधीच सांगून टाकतो, आज मी नुसतं कौतुक करायला उभा राहिलेलो नाही. मला बायजाताईंकडून एक ‘हो’ हवाय. दहा दिवसांपूर्वी सॅन्टन सरांनी त्यांना विचारलं, की निवृत्तीनंतर दर शनिवारी येऊन आपल्या रोबोच्या वर्गात शिकवाल का? त्या ‘नाही’ म्हणाल्या. ते ‘नाही’ माझ्यामुळे आलंय. कसं, ते सांगतो.

पण आधी शिरस्त्याप्रमाणे परिचय. बायजाताई १९७९ साली शाळेत लागल्या. प्रयोगशाळा उघडायची, झाडायची, बाटल्या धुवायच्या, आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. अठ्ठावीस वर्षं हे काम. शिक्षण सातवी. माहेर आणि सासर दोन्ही खाडीकाठचं. यजमान धर्माभाऊ पहिल्याच रांगेत बसलेत, भातशेती आणि फुलझाडं करतात. आज येताना त्यांनी प्रत्येक शिक्षकाला एकेक सोनचाफा दिला. मला मात्र दोन दिले. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि हो, इतकी वर्षं मी यांना नुसतं ‘बायजा’ म्हणून हाक मारत आलो. ‘बायजा, खडू आण. बायजा, फळा पुस.’ माझ्याहून वर्षभराने मोठ्या आहेत त्या! हे मला कधी कळलं? निमंत्रणपत्रिकेसाठी जन्मतारीख विचारली तेव्हा. असो.

आता या टेबलावर बघा. चार चाकांवर बसलेलं हे बिस्किटाच्या डब्याचं झाकण दिसतंय ना, ही आपली चिंबोरी. नव्या पालकांना वाटेल हे खेळणं आहे. खेळणं चावी दिली की एकच गोष्ट करतं. चिंबोरीला तुम्ही जे सांगाल ते ती करते, आणि उद्या दुसरं सांगितलंत तर दुसरं करते. तिच्या पोटात बोटभर एक चिप आहे. संगणकावर हुकूम लिहायचे, केबल लावायची, की ते हुकूम तिच्या डोक्यात जातात. अंगावरही हवं ते चढवा. कुणी पेन लावून तिच्याकडून रांगोळी काढून घेतली. कुणी टॉर्च लावला. एकीने घुंगरू बांधले होते, तेव्हा शेजारच्या वर्गातून माझी तक्रार गेली होती, ती मी मागे घेतो.

ही जन्माला घातली सॅन्टन सरांनी, १९९९च्या दिवाळीच्या सुट्टीत. मोटारी मोडक्या टेपरेकॉर्डरच्या. डावी मोटर जरा आळशी निघाली, त्यामुळे पहिल्या दिवशी ती खेकड्यासारखी तिरकी तिरकीच चालली. दारातून बायजाताई म्हणाल्या, “अगो बाय, ही तं चिंबोरी!” नाव पडलं ते पडलंच. पुढे मोटर सुधारली, नाव राहिलं.

सॅन्टन सरांच्या डोक्यात एक खूळ होतं. ते म्हणाले, “सर, हुकूम इंग्रजीत असले की आपली अर्धी मुलं अडखळतात. मला चिंबोरी मराठीत चालवायचीय. शब्द तुम्ही द्या.”

मला काय, हर्षवायू व्हायचा बाकी! रात्रंदिवस बसून मी शब्द काढले. पुढे जाण्याला ‘अग्रगमन’. मागे येण्याला ‘पश्चाद्गमन’. डावीकडे वळण्याला ‘वामावर्तन’. सॅन्टन सरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, “सर, हिच्या मेमरीत एवढी जागा नाही.” मी विचारलं, “म्हणजे शब्द जड आहेत?” ते म्हणाले, “चिंबोरी हलकी आहे.” हा त्या माणसाचा स्वभाव, पाहा. शेवटी ‘पुढे’, ‘मागे’, ‘वळण’, ‘थांब’ असे साधे शब्द ठरले. ‘वळण’ लिहायचं, पुढे डावं की उजवं ते लिहायचं, झालं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. शब्द चुकीचा लिहिला तर चिंबोरीने काय करावं? सॅन्टन सरांनी पडद्यावर लिहून यावं म्हणून वाक्य ठेवलं होतं: ‘समजलं नाही’. मी म्हटलं, छे! यंत्राने कसली कबुली द्यायची? चूक लिहिणाऱ्याची आहे. पडद्यावर ‘अशुद्ध’ असं आलं पाहिजे. ठळक अक्षरांत. मुलांना वळण लावायचं असेल तर असंच लागतं. सॅन्टन सर दोन दिवस नको नको म्हणत होते. मग त्यांनी माझं ऐकलं. भिडस्त माणूस! आज वाटतं, त्यांनी मला तेव्हाच हाकलून द्यायला हवं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग चालायचा. कुलूप लावायचं म्हणून बायजाताई दाराशी बसून राहायच्या. एके शनिवारी पोरांची चिंबोरी कोपऱ्यावर वळताना दर वेळी भिंतीला थडकत होती. हा प्रितेश होता त्यात, नववीत. सगळे हुशार, सगळे एकमेकांवर ओरडतायत. बायजाताई उठल्या आणि म्हणाल्या, “अरे, होडी वळवायची तं आधी वल्हं थांबवतात का नाय? तिला थांबवा, मंग वळवा.” पोरांनी वळणाच्या आधी एक ‘थांब’ घातला. चिंबोरी अशी झोकात वळली म्हणता!

सॅन्टन सरांनी खुर्ची पुढे ओढली. “मावशी, बसा. आता तुम्हीच लिहा.” त्या पदराला हात पुसत बसल्या. मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या त्या कीबोर्डवर त्यांनीच एकेक करून चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे कुठलं अक्षर कुठे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ!

आणि मग त्यांनी जे केलं ते ऐका. प्रयोगशाळेतलं ते लांबलचक टेबल रोज पुसायचं काम त्यांचं. त्यांनी चिंबोरीच्या मागे फडकं बांधलं. आता ती पुसत पुसत टेबलाच्या कडेवरून खाली पडेल, त्याचं काय? त्यांनी खराट्यातली हिराची काडी घेतली आणि पुढे मिशीसारखी लावली. काडी टेबलाला टेकलेली असली की सगळं ठीक. कडेला आली की काडी खाली झुकते, तिच्या बुडाशी बसवलेलं बटण सुटतं, आणि चिंबोरी थांबून वळते. सॅन्टन सरांनी फक्त तारा जोडून दिल्या. ती चिंबोरी सगळं टेबल पुसून यायची, आणि बायजाताई स्टुलावर बसून चहा प्यायच्या. शाळेच्या इतिहासात एवढं सुख दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही.

टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. कारण आता मी जे सांगणार आहे त्याला टाळ्या नाहीत.

दोन हजार सालच्या जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्याच सभागृहात भरलं. इथे, या खांबापाशी सॅन्टन सरांचं टेबल. त्यांनी हट्टाने सांगितलं, हे यंत्र बायजामावशीच दाखवतील. त्या नवं पातळ नेसून आल्या होत्या. धर्माभाऊ शेत सोडून बघायला आले होते. चिंबोरीने टेबल पुसून दाखवलं, लोक थक्क झाले. मग परीक्षकांपैकी एकाने विचारलं, “बाई, हे तुम्हाला कुणी करून दिलंय की तुम्ही केलंय? आत्ता आमच्यासमोर काही बदलून दाखवता का? तिला उजवीकडे वळवा बघू.”

बायजाताई संगणकापुढे बसल्या. एका बोटाने लिहिलं. जसं त्या बोलतात तसं लिहिलं: ‘वळन’. बाणातला ण नाही, नळातला न. घरी, शेतात, खाडीवर, त्यांच्या आईच्या तोंडी, आजीच्या तोंडी तोच शब्द. इतके दिवस शेजारी बसलेलं एखादं पोरगं ते अक्षर गुपचूप बदलून द्यायचं, त्यामुळे त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्या दिवशी शेजारी कुणी नव्हतं.

पडद्यावर आलं: ‘अशुद्ध’.

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा ‘अशुद्ध’. तिसऱ्यांदा लिहिलं. लोक हसायला लागले. प्रितेश, तूही हसलास, मला आठवतंय, मान खाली घालू नकोस, कारण त्यानंतर जे झालं ते तू केलेलं नाहीस. मी पुढे झालो. मदत करायची, तर मी काय केलं? सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हटलं, “बायजा, ण! बाणातला ण! म्हण बघू, वळण! तुमच्या या अशा बोलण्याने उद्या पोरांची भाषा बिघडेल!”

सभागृह खो खो हसलं. माझा विनोद फार छान झाला असं मला वाटलं.

बायजाताईंनी पदर खोचला. उठल्या. चिंबोरीच्या मागचं फडकं सोडलं आणि सगळ्यांसमोर ते टेबल हाताने पुसलं. नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चिंबोरी उचलून कपाटात ठेवली आणि धर्माभाऊंबरोबर निघून गेल्या.

पुढच्या शनिवारी सॅन्टन सरांनी मला न विचारता दोन गोष्टी केल्या. ‘अशुद्ध’ पुसून ‘समजलं नाही’ परत आणलं. आणि चिंबोरीला एक शब्दांची वही दिली. म्हणजे ज्याला जो शब्द हवा तो त्याने तिला शिकवायचा. ‘वळन’ म्हणजेच ‘वळण’, ही त्या वहीतली पहिली नोंद. मग काय, पोरांना रान मोकळं मिळालं! एव्हरशाईन सिटीतल्या पोरांनी ‘घूम’ घातला. मनवेलपाड्याच्या एकाने ‘टर्न मार’. उमेळ्याच्या फ्लॉसीने आपल्या घरातले शब्द घातले, त्यातले निम्मे मला आजही कळत नाहीत, चिंबोरीला कळतात. मी सॅन्टन सरांशी महिनाभर बोललो नाही. त्यांनी भाषेचा बाजार मांडलाय, असं मी शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने सांगत असे. सॅन्टन सर रोज मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणत आणि डब्यातला एक पाव पुढे करत. शेवटी मी तो खाल्ला आणि भांडण संपलं.

बायजाताई वर्गात येत राहिल्या. हिराच्या काड्या तासायच्या, चाकं बसवायच्या, तुटलेली तार डाग देऊन जोडायच्या. पण पोरांसमोर त्या परत कधी कीबोर्डला बसल्या नाहीत. मला वाटलं, हौस फिटली असेल. सात वर्षं मला खुशाल असंच वाटत होतं!

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. प्रितेशने वसई पूर्वेला गाळा घेतलाय आणि तिथे तो चिंबोरीचे सुटे भाग बनवतो हे तुम्हाला माहीत आहेच. पुण्यापासून नागपूरपर्यंत हौशी माणसं ते मागवतात, घरी जोडतात, आपल्याला हवी तशी चिंबोरी करतात. त्याबरोबर द्यायला मराठी पुस्तिका हवी होती. सॅन्टन सरांनी नमुन्याचे चाळीस प्रोग्राम काढले आणि तपासायला माझ्याकडे दिले. मी लाल पेन घेऊन बसलो. पहिल्या पानावर ‘वळन’. दुसऱ्यावर ‘वळन’. मी गोल करत गेलो. एकतीस प्रोग्रामांत ‘वळन’! माझं डोकं तापलं. कोण हा गाढव, म्हणून मी तरातरा प्रयोगशाळेत गेलो आणि सॅन्टन सरांना म्हटलं, हे चालवून दाखवा मला.

त्यांनी चाळीसच्या चाळीस चालवून दाखवले. शुद्ध लिहिलेले नऊ होते. त्यातले चार भिंतीला आपटले, एक टेबलावरून खाली पडला. ‘वळन’वाले एकतीसच्या एकतीस नीट चालले. एकात चिंबोरी कुंडीपर्यंत जाऊन माती सुकली आहे का ते तपासते. एकात चाचपडत दार शोधते. मी विचारलं, “हा मुलगा कुठल्या वर्गातला?”

सॅन्टन सर म्हणाले, “सर, मुलगा नाही, बायजामावशी. रिकाम्या तासाला दार लावून बसतात. सात वर्षं.”

मंडळी, मी शिक्षक आहे. माझ्या शाळेत एक बाई सात वर्षं दार आतून लावून शिकत होती, आणि कडी लावायची वेळ तिच्यावर मी आणली होती. मी घरी गेलो, जेवलो नाही. आमच्या सौभाग्यवतींना वाटलं पोट बिघडलं.

आणि मग दहा दिवसांपूर्वी सॅन्टन सरांनी त्यांना वर्ग घ्यायला सांगितलं, तेव्हा मी कपाटाआड उभा होतो. मुद्दाम नव्हे, खडूचा डबा शोधत होतो. बायजाताई म्हणाल्या, “नाय सर. माझ्या बोलन्यानं पोरांची भाषा बिघडंल.”

शब्दन् शब्द माझा होता. सात वर्षं त्यांनी तो जपून ठेवला होता.

बाई घड्याळाकडे बघतायत. बाई, दोनच मिनिटं.

तर शिरस्त्याप्रमाणे आभार. संस्थेने शिपायांच्या निरोपाला पहिल्यांदाच एवढं मोठं सभागृह दिलं, त्याबद्दल आभार. आशालताबाईंनी माझं लांबलेलं भाषण मध्ये तोडलं नाही, त्याबद्दल विशेष आभार. पुस्तिका आहे तशी, एकही अक्षर न बदलता छापायचं प्रितेशने कबूल केलंय. मी लाल पेनाने गोल काढले होते, ते त्याने कृपया छापू नयेत. मुखपृष्ठावर नाव मोठ्या अक्षरांत येणार आहे, ‘लेखिका: बायजा धर्मा म्हात्रे’. धर्माभाऊ, हे तुम्हालाही आत्ताच कळतंय ना? मग एवढ्यात डोळे पुसू नका, माझं अजून व्हायचंय.

भाषण संपवताना आपण सगळे म्हणतो, काही कमी-जास्त बोललो असेन तर माफ करावं. तेहेतीस वर्षं प्रत्येक समारंभात मी हे म्हणत आलो आणि एकदाही मनापासून म्हटलं नाही, कारण माझं काही चुकतं असं मला कधी वाटलंच नाही. आज म्हणतो, आणि एकाच व्यक्तीला म्हणतो. बायजाताई, याच खांबापाशी मी तुम्हाला हसलो, म्हणून याच खांबापाशी सांगतो. त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलो मी. मला माफ करा. आणि तुमच्या बोलण्याने पोरांची भाषा बिघडत नाही, तिच्यात भर पडते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या शनिवारी वर्ग आहे. याल का?

नाही, नाही, मान हलवून चालणार नाही, मला ऐकायचंय. सॅन्टन सर, माइक द्या त्यांच्या हातात. मागची मुलं गप्प बसा. बोला ताई.

“येईन. पन तुमी पयल्या बाकावर बसायचं.”

ऐकलंत? आठवी ब, बाकं काय वाजवताय, शाळेची मालमत्ता आहे ती! बसतो, ताई. वही-पेन्सिल घेऊन बसतो. अजून काय?

“आनि चुकलं तं सगळ्यांसमोर सांगनार नाय. जवळ येऊन सांगेन.”

धन्यवाद. मी खाली बसतो.